शाळेच्या दारातला कायदा

पॅरिसच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर क्रेय नावाचं कारखान्यांचं गाव आहे. १९८९च्या सप्टेंबरात उन्हाळ्याची सुट्टी संपून नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं, तेव्हा तिथल्या गाब्रिएल-आवेझ या सरकारी माध्यमिक शाळेत तीन मुली डोक्याला रुमाल बांधून आल्या. दोघी सख्ख्या बहिणी, मोरोक्कोतून आलेल्या कुटुंबातल्या. तिसरीचं कुटुंब ट्युनिशियाचं. मुख्याध्यापक एर्नेस्त शेनिएर यांनी त्यांना सांगितलं, रुमाल काढा आणि वर्गात बसा. मुलींनी ऐकलं नाही. १८ सप्टेंबरला त्यांना वर्गाबाहेर काढण्यात आलं.

एरवी अशी गोष्ट गावाबाहेर गेली नसती. मुख्याध्यापक, आईवडील आणि दोन-चार शिक्षक यांनी बसून ती मिटवली असती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती मिटलीही होती. पालकांशी बोलून तोडगा निघाला: शाळेच्या आवारात आणि मधल्या सुट्टीत मुलींनी रुमाल बांधावा, वर्गात शिरताना मात्र तो खांद्यावर घ्यावा. हा तोडगा जेमतेम दहा दिवस टिकला. मुली पुन्हा रुमाल बांधून वर्गात बसल्या, पुन्हा बाहेर गेल्या आणि तोवर देशभरचे वार्ताहर शाळेच्या फाटकाशी येऊन थांबले होते.

वर्षच तसं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं पूर्ण झाल्याचा सोहळा नुकताच जुलैत झाला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत इराणच्या खोमेनींनी सलमान रश्दींविरुद्ध फतवा काढला होता. महायुद्धानंतर मोटारींच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर राबायला उत्तर आफ्रिकेतून जे मजूर आणले गेले, त्यांची कुटुंबं आता फ्रान्समध्ये स्थिरावली होती, मुलं फ्रेंच शाळांत शिकत होती, आणि स्थलांतरितांच्या विरोधावर पोसलेला ज्याँ-मारी ल पेन यांचा नॅशनल फ्रंट पक्ष निवडणुकांमध्ये मतं मिळवू लागला होता. तीन मुलींच्या रुमालांवर या सगळ्याचा भार येऊन पडला.

पुढची पंधरा वर्षं हा प्रश्न फ्रान्समध्ये धुमसत राहिला आणि १५ मार्च २००४ रोजी त्याचा कायदा झाला. शाळेतल्या मुलांनी काय घालावं आणि काय नाही, हे एका मोठ्या लोकशाहीच्या संसदेने ठरवलं. ही सगळी हकिगत वाचताना एक गोष्ट माझ्या मनातून हलत नाही. फ्रान्सच्या सरकारी शाळेने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची जबाबदारी सुरुवातीला शिक्षकावर टाकली होती. शे-सव्वाशे वर्षांत ती सरकत सरकत विद्यार्थ्याच्या अंगावर आली. ती कशी आली, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

फेरींची शाळा

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षणावर कॅथलिक चर्चचा मोठा पगडा होता. गावच्या शाळेत भिंतीवर क्रूस, शिकवायला अनेक ठिकाणी जोगिणी किंवा धर्मबंधू, आणि अभ्यासात प्रार्थना व धर्मशिक्षण. त्याच चर्चचा ओढा राजेशाहीकडे होता. १८७०नंतर उभं राहिलेलं प्रजासत्ताक टिकवायचं तर नागरिक घडवणारी शाळा चर्चच्या हातून काढली पाहिजे, असं प्रजासत्ताकवाद्यांना ठामपणे वाटत होतं. झ्यूल फेरी हे त्यांतलं ठळक नाव. १८८१ साली सरकारी प्राथमिक शाळा मोफत झाल्या. २८ मार्च १८८२च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं आणि धर्मशिक्षण अभ्यासक्रमाबाहेर गेलं. त्याच्या जागी नीती आणि नागरिकशास्त्र आलं. १८८६च्या कायद्याने सरकारी शाळांत शिकवण्याचं काम धर्मसंस्थांच्या सदस्यांकडून काढून सर्वसामान्य शिक्षकांकडे दिलं. पुढे ९ डिसेंबर १९०५ला राज्य आणि चर्च यांची कायद्याने फारकत झाली. या सगळ्या व्यवस्थेला फ्रेंच माणूस ‘लाइसिते’ म्हणतो आणि ती त्याला प्रजासत्ताकाच्या प्राणासारखी वाटते.

या कायद्यांचा रोख कुणावर होता, ते पाहण्यासारखं आहे. भिंतीवरचा क्रूस निघाला, पाठ्यक्रमातली धर्माची प्रश्नोत्तरी निघाली, शिकवणारा पाद्री निघाला. मुलावर मात्र बंधन नव्हतं. उलट १८८२च्या कायद्यातच अशी सोय होती की रविवारखेरीज आठवड्यातला आणखी एक दिवस शाळा बंद राहावी, म्हणजे ज्या आईवडिलांना हवं त्यांना मुलांना शाळेबाहेर धर्मशिक्षण देता येईल. कितीतरी पिढ्या फ्रेंच मुलांना गुरुवारची सुट्टी मिळाली ती यामुळे. १९७२पासून ती बुधवारी गेली. नोव्हेंबर १८८३मध्ये फेरींनी देशातल्या प्राथमिक शिक्षकांना एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की वर्गात काही बोलण्याआधी स्वतःला विचारा: एखादा बाप, अगदी एकच बाप, मागे बसून ऐकत असेल तर त्याला प्रामाणिकपणे हे खटकेल का? खटकणार असेल तर ते बोलू नका. दुसऱ्याच्या घरातल्या श्रद्धेला जपून राहायचं, हे शिक्षकाने शिकायचं होतं.

विद्यार्थ्यांवरचं पहिलं ठळक बंधन १९३६ साली आलं आणि ते राजकीय होतं. रस्त्यावर फॅसिस्ट टोळ्या आणि डावे यांच्या मारामाऱ्या चालू होत्या, त्यांचे बिल्ले-पत्रकं शाळांत शिरत होती. तेव्हाचे शिक्षणमंत्री झाँ झे यांनी परिपत्रक काढून शाळांतला राजकीय प्रचार बंद केला आणि १९३७ साली धार्मिक प्रचारालाही तेच लागू केलं. हे बंधन प्रचारावर होतं. एखादी मुलगी गुपचूप डोकं झाकून गणिताच्या तासाला बसली तर तो प्रचार होतो का, हा प्रश्न तेव्हा कुणापुढे आला नव्हता. क्रेयने तो आणला.

राज्य परिषदेचं उत्तर

१९८९मध्ये शिक्षणमंत्री होते समाजवादी पक्षाचे लिओनेल जोस्पँ. त्यांची भूमिका अशी, की मुलीशी बोला, कुटुंबाला समजवा, पण शेवटी ती ऐकत नसेल तरी तिला शाळेबाहेर काढू नका. यावर त्यांच्याच विचारांच्या छावणीतून वादळ उठलं. २ नोव्हेंबरला ‘ल नुवेल ऑब्झर्व्हातर’ या साप्ताहिकात पाच विचारवंतांचं खुलं पत्र आलं. एलिझाबेत बादँतेर, रेजिस दब्रे, अलँ फिंकेलक्रॉट, एलिझाबेत द फोंतने आणि कात्रीन किंत्झलेर यांनी शिक्षकांना शरण न जाण्याचं आवाहन केलं आणि म्यूनिकमध्ये हिटलरपुढे मान तुकवण्याशी या नरमाईची तुलना केली. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. मुलीला घर आणि गल्ली यांच्या पकडीतून दिवसाचे काही तास तरी मोकळं करणारी जागा म्हणजे शाळा. तिथेही घरचाच नियम चालला तर तिने श्वास कुठे घ्यायचा, असं ते विचारत होते.

जोस्पँ यांनी देशातलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठ असलेल्या राज्य परिषदेचा सल्ला मागितला. २७ नोव्हेंबर १९८९ला तो आला. विद्यार्थ्याने धार्मिक चिन्ह धारण करणं हे मुळातच लाइसितेच्या विरोधात नाही, असं परिषदेने स्पष्ट सांगितलं. त्याचबरोबर मर्यादाही घातल्या. चिन्हाचा वापर दुसऱ्यावर दबाव आणायला, चिथावणी द्यायला, धर्मप्रचाराला होत असेल, कुणाच्या सुरक्षिततेला किंवा आरोग्याला धोका असेल, शिकवण्यात अडथळा येत असेल तर शाळा कारवाई करू शकते. याचा अर्थ असा, की मुलीने डोक्याला काय बांधलंय यापेक्षा ती वागते कशी, हे पाहायचं आणि प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायचं.

क्रेयच्या दोघी बहिणींचा प्रश्न डिसेंबरात वेगळ्याच मार्गाने सुटला. मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी त्यात लक्ष घातलं आणि मुलींनी वर्गात रुमाल काढायचं मान्य केलं.

परिषदेचा सल्ला समंजस होता, पण तो अमलात आणायचा होता तो मुख्याध्यापकाला. प्रत्येक मुलीपाशी बसून बोलायचं, तिच्या वडिलांना बोलवायचं, शिक्षकांची समजूत घालायची, आणि कारवाई केलीच तर ती न्यायालयात टिकेल का याची धास्ती. मोंफर्मेय इथल्या एका शाळेने आपल्या नियमावलीत धार्मिक, राजकीय, वैचारिक अशा सगळ्याच खुणांवर सरसकट बंदी घालून मुलींना काढलं होतं. नोव्हेंबर १९९२मध्ये राज्य परिषदेने तो नियम आणि ती कारवाई, दोन्ही रद्द केली. सप्टेंबर १९९४मध्ये शिक्षणमंत्री फ्रांस्वा बायरू यांनी परिपत्रक काढून डोळ्यांत भरणाऱ्या चिन्हांना मनाई केली. त्यानंतर अनेक मुली शाळेबाहेर गेल्या आणि त्यांतल्या कित्येकींना न्यायालयांनी परत आत आणलं.

त्याच सुमारास मंत्रालयाने एक मध्यस्थ नेमली: अनिफा शेरिफी. जन्म अल्जीरियाच्या काबिल प्रदेशातला, स्वतः मुस्लीम घरातली. एखाद्या शाळेत ताण निर्माण झाला की तिथे जाऊन मुलगी, घरचे आणि शिक्षक यांच्याशी बोलायचं, हे तिचं काम. कुठे रुमाल निघे, कुठे तो लहान होऊन केसांमागे बांधला जाई, कुठे काहीच जमत नसे. या काळाला नंतरच्या मंत्र्यांनी ‘गोंधळाचा काळ’ म्हटलं. पण प्रत्येक मुलीशी तिच्या नावाने, समोरासमोर बोलायला एक माणूस जात होता, ही या काळाची जमेची बाजू आहे, आणि ती विसरली जाऊ नये.

दुसरी बाजू

कायद्याची मागणी करणारे सगळे द्वेषाने पेटलेले होते, असं समजणं अन्यायाचं होईल. ऑक्टोबर २००२मध्ये पॅरिसजवळच्या व्हित्री-सुर-सेन इथल्या वसाहतीत सतरा वर्षांच्या एका मुस्लीम मुलीला एका तरुणाने जिवंत जाळलं. शहरांच्या कडेच्या त्या उंच, बकाल इमारतींमध्ये वाढणाऱ्या मुलींनी फेब्रुवारी-मार्च २००३मध्ये देशभर पदयात्रा काढली. त्यांचं नेतृत्व करणाऱ्या फादेला अमारा स्वतः अल्जीरियन मजुराची मुलगी. डोकं न झाकणाऱ्या मुलीला वस्तीतली पोरं वाईट नावं ठेवतात, तिला एकटीला फिरू देत नाहीत, हे त्या जाहीरपणे सांगत होत्या. त्यांच्या संघटनेने पुढे कायद्याची बाजू घेतली.

राजकारणाची हवाही बदलली होती. २१ एप्रिल २००२ला राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत जोस्पँ यांना मागे टाकून ज्याँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले आणि देश हादरला. एप्रिल २००३मध्ये गृहमंत्री निकोला सार्कोझी मुस्लीम संघटनेच्या मेळाव्यात गेले आणि ओळखपत्रावरच्या छायाचित्रात डोकं उघडं हवं, असं त्यांनी बजावलं, तेव्हा सभेत त्यांची हुर्यो उडवली गेली. रुमाल पुन्हा पहिल्या पानावर आला.

जुलै २००३मध्ये राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी बेर्नार स्तासी यांच्या अध्यक्षतेखाली वीस जणांचा आयोग नेमला. इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ, कायदेपंडित, शिक्षक, इस्लामचे अभ्यासक मोहम्मद आर्कून, खुद्द अनिफा शेरिफी आणि १९८९च्या पत्रावर सही करणारे रेजिस दब्रे असे नाना मतांचे लोक त्यात होते. आयोगातल्या बऱ्याच जणांचा सुरुवातीला बंदीला विरोध होता. पण मुख्याध्यापकांच्या साक्षी झाल्या, नाव जाहीर होऊ नये म्हणून बंद दाराआड बोलणाऱ्या मुलींच्या साक्षी झाल्या आणि मतं वळली. रुमाल न बांधणाऱ्या मुलींवर शाळेतच दबाव येतो, तो रोखायला सध्याचा कायदा पुरत नाही, असं बहुसंख्यांना पटलं. मात्र स्वतः डोकं झाकणाऱ्या मुलींचं म्हणणं आयोगाने जवळजवळ ऐकलंच नाही, ही टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. ती रास्त आहे.

आयोग बसलेला असतानाच पॅरिसच्या वेशीवरच्या ओबेर्व्हिलिए इथल्या दोन बहिणींना ऑक्टोबर २००३मध्ये शाळेतून काढलं गेलं. त्यांचे वडील ज्यू घरातले, नास्तिक, व्यवसायाने वकील. आई काबिल, तिचाही धर्माशी फारसा संबंध नाही. मुलींनी आपल्या मनाने इस्लाम स्वीकारून डोकं झाकलं होतं आणि ते वडिलांना पसंत नव्हतं. तरीही शाळेने त्यांना काढू नये म्हणून तेच वडील उभे राहिले. बाप आणि भाऊ मुलीला कोंडतात, हे चित्र अनेक घरांत खरं होतं. या घरात ते खरं नव्हतं. सरसकट कायद्याला असा फरक करता येत नाही.

११ डिसेंबर २००३ला आयोगाचा अहवाल आला. बंदी ही त्याच्या अनेक शिफारशींपैकी एक होती. ज्यूंचा योम किप्पूर आणि मुस्लिमांची ईद या दिवशी सगळ्याच शाळांना सुट्टी द्यावी, वस्त्यांमधला भेदभाव हटवावा, शाळेत गुलामगिरी, वसाहती आणि स्थलांतर यांचा इतिहास शिकवावा, अशाही सूचना होत्या. आयोगातले इतिहासकार झाँ बोबेरो यांनी बंदीच्या बाजूने मत दिलं नाही. सहा दिवसांनी शिराक यांनी भाषण केलं. बंदीची शिफारस स्वीकारली आणि सणांच्या सुट्टीची शिफारस बाजूला ठेवली. देणं आणि घेणं अशा दोन हातांनी लिहिलेल्या अहवालातला घेणारा हात तेवढा कायदा झाला.

कायदा आणि फाटक

१० फेब्रुवारी २००४ला राष्ट्रीय सभेत ४९४ विरुद्ध ३६ मतांनी विधेयक मंजूर झालं. मार्चच्या सुरुवातीला सिनेटमध्ये २७६ विरुद्ध २०. उजवे आणि समाजवादी एकत्र आले होते. कायदा अगदी छोटा आहे. सरकारी प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांमध्ये विद्यार्थ्यांनी आपला धर्म ठळकपणे दाखवणारी चिन्हं किंवा पोशाख घालण्यास मनाई, आणि शिस्तभंगाच्या कारवाईआधी विद्यार्थ्याशी संवाद झालाच पाहिजे, एवढंच त्याचं सार. मे महिन्यातल्या परिपत्रकाने खुलासा केला: कोणत्याही नावाचं मुस्लीम शिरोवस्त्र, ज्यूंची टोपी, खूप मोठा क्रूस, हे चालणार नाही, गळ्यातली बारीक खूण चालेल. खासगी शाळा आणि विद्यापीठं यांना कायदा लागू नाही.

शाळा सुरू व्हायला काही दिवस उरले असताना इराकमध्ये क्रिस्त्याँ शेस्नो आणि झोर्झ मालब्रुनो या दोन फ्रेंच पत्रकारांना अतिरेक्यांनी पळवलं आणि कायदा मागे घ्या, अशी मागणी केली. फ्रान्समधल्या मुस्लीम संघटनांनी, कायद्याला कडाडून विरोध करणाऱ्यांनीसुद्धा, ही मागणी तिथल्या तिथे झिडकारली. त्यांचं शिष्टमंडळ बगदादला गेलं. आमचं भांडण आमच्या देशाशी आहे आणि ते आम्ही आमच्या देशातच भांडू, असं त्यांनी जगाला दाखवून दिलं. दोघे पत्रकार डिसेंबरात सुखरूप सुटले. नागरिकत्वाची याहून मोठी परीक्षा कोणती असते? ज्यांच्या निष्ठेवर शंका घेतली जात होती, ते या परीक्षेत उतरले.

सप्टेंबरात फाटकं उघडली. बहुतेक मुलींनी दारातच रुमाल सोडून दप्तरात ठेवला आणि संध्याकाळी बाहेर पडताना पुन्हा बांधला. ज्यांनी सोडला नाही त्यांच्याबाबत ‘संवाद’ सुरू झाला. स्ट्रासबुर्गच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने शेवटी डोक्याचे सगळे केस काढले आणि तशी ती वर्गात जाऊन बसली.

पॅरिसजवळच्या बोबिनीतल्या लुईझ-मिशेल शाळेत काही शीख मुलगे होते. फ्रान्समध्ये शिखांची वस्ती काही हजारांची. कायदा घडत असताना त्यांचा विचार जवळजवळ कुणी केलाच नव्हता. मुलग्यांनी मोठ्या पगडीऐवजी केस झाकणारा छोटा पटका बांधून यायची तयारी दाखवली. शाळेला तेही मान्य झालं नाही. बिक्रमजीत सिंग हा त्यांतला एक. त्याला वर्गात जाऊ दिलं नाही. बाकीची मुलं तासाला बसलेली असताना त्याला शाळेच्या खाणावळीत वेगळं बसवून ठेवलं गेलं, आणि तिथे त्याला कुणी शिकवत नव्हतं. नोव्हेंबरात शिस्तपालन समितीने त्याला काढलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या मातीत मेलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक नव्ह-शापेल इथे आहे. त्यावर ४,७००हून अधिक नावं आहेत आणि त्यांत शीख नावं भरपूर आहेत. ते सैनिक पगडी बांधून लढले होते. भारत सरकारनेही हा प्रश्न फ्रान्सकडे मांडला, पण उत्तर बदललं नाही.

हिशेब

पहिल्या वर्षाचा अहवाल अनिफा शेरिफी यांनीच लिहिला. त्यात २००४-०५मध्ये ठळक धार्मिक चिन्हाची ६३९ प्रकरणं नोंदली गेली. आदल्या वर्षी ती १,४६५ होती. ६३९पैकी दोन मोठे क्रूस, अकरा पगड्या आणि उरलेले सगळे रुमाल. ४७ विद्यार्थ्यांना काढलं गेलं: ४४ मुली आणि तीन शीख मुलगे. आणखी ९६ जणांनी खासगी शाळा, टपालाने शिक्षण असे दुसरे मार्ग धरले. सरकारने हे यश मानलं. न्यायालयीन भांडणं थांबली, मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचा भार उतरला, हे खरं आहे. पण सप्टेंबरात फाटकापर्यंत आल्याच नाहीत अशा मुलींचा रकाना त्या अहवालात नाही.

न्यायालयांचे कौल दोन दिशांना गेले. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने शीख विद्यार्थ्यांचे अर्ज २००९मध्ये दाखल करून घ्यायलाच नकार दिला. शाळेत असे नियम करायचा राज्याला अधिकार आहे, असं त्याने मानलं. बिक्रमजीत सिंग याचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेलं. २०१२ साली समितीने फ्रान्सला दोषी ठरवलं. या मुलाच्या पगडीने कुणाला काय इजा झाली ते सरकारने दाखवलेलं नाही. त्याच्या वागण्यात काही खोट होती म्हणून त्याला काढलेलं नाही, तो एका धार्मिक गटात मोडतो म्हणून काढलं आहे, असं समितीने म्हटलं. राज्य परिषदेने १९८९मध्ये घातलेली कसोटीच जिनिव्हाहून परत आली.

अभ्यासकांतही एकमत नाही. एरिक मोरँ आणि निकोलास नाव्हारेते यांनी १९९४च्या परिपत्रकानंतरच्या मुलींचा अभ्यास करून त्यांचं शिक्षण वाढल्याचा निष्कर्ष काढला. आला अब्देलगादिर आणि वासिलिकी फूका यांनी २००४च्या कायद्यानंतरच्या मुलींचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की मुस्लीम मुलींचं माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाण घटलं आणि आपल्याशी भेदभाव होतो ही भावना वाढली. एका काळात मंत्रालयाचं परिपत्रक होतं, त्याच्या जोडीला मध्यस्थ होती आणि वर न्यायालयाची दाद होती. दुसऱ्या काळात सरसकट कायदा होता. या दोन निष्कर्षांमधला फरक मला यातच दडलेला वाटतो.

आणि कायदा जिथे थांबायचा तिथे थांबला नाही. २७ ऑगस्ट २०२३ला नवे शिक्षणमंत्री गाब्रिएल अताल यांनी अबाया हा पायघोळ अंगरखाही बंदीत आणला. ४ सप्टेंबरला, शाळेच्या पहिल्या दिवशी, २९८ मुली अबाया घालून आल्या. ६७ जणींनी तो उतरवायला नकार दिला आणि त्या घरी परत गेल्या. डोक्यावरून सुरू झालेली तपासणी झग्याच्या लांबीपर्यंत आली. सैल झगा कुठे संपतो आणि धर्म कुठे सुरू होतो, हे आता शाळेच्या दारात उभ्या माणसाने ओळखायचं आहे, आणि तो ते मुलीच्या नावावरून, चेहऱ्यावरून ओळखणार, ही भीती निराधार नाही.

आपल्याकडे या कथेचे पडसाद फार जवळ उमटले. कर्नाटकातल्या हिजाबबंदीवर तिथल्या उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं ते १५ मार्च २०२२ला. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं दुभंगली; त्यांतले न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीचं शिक्षण हाच आपल्या मते सगळ्यांत वरचा प्रश्न असल्याचं लिहिलं. २०२४ साली मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या पोशाखनियमाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ ऑगस्टला हिजाब, टोपी, बिल्ला यांवरच्या बंदीला स्थगिती मिळाली. आपली घटना फ्रान्सहून वेगळी आहे. शिखांच्या कृपाणाचा उल्लेख तिच्या पंचविसाव्या कलमात स्पष्ट आहे. पण शाळेच्या दारातला प्रसंग दोन्हीकडे तोच आहे.

माझं मत स्पष्ट आहे. मुलींवर दबाव आणणाऱ्यांना शाळेने रोखलंच पाहिजे. तो दबाव बापाचा असो, भावाचा असो, वस्तीतल्या टोळक्याचा असो. फ्रान्सने तो ओळखला, हे त्याचं श्रेय. पण शिक्षा मात्र दबाव आणणाऱ्याला झाली नाही, ती झाली मुलीला, आणि तीही तिची शाळा बंद करून. जिथे तिला मोकळा श्वास मिळायचा तीच जागा तिच्यापासून काढून घेतली. फेरींनी जी संयमाची शिकवण शिक्षकांना दिली होती, ती बारा-चौदा वर्षांच्या पोरांवर लादून प्रजासत्ताकाने आपलाच जुना धडा उलटा गिरवला.

महाराष्ट्रात प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात बहुसंख्य पालक असतात. तुम्ही त्या समितीवर असाल किंवा उद्या निवडून जाल. गणवेशाचा, केसांचा, टिकलीचा, बांगड्यांचा, डोक्यावरच्या कापडाचा एखादा नियम तुमच्यापुढे सहीसाठी येईल, तेव्हा सही करण्याआधी एकच विचारा: या नियमामुळे उद्या सकाळी कोणतं मूल वर्गात येणार नाही? त्या मुलाचं नाव कळलं, की आधी त्याच्या घरी जा आणि त्याच्याशी बोला. नियमाचं नंतर पाहता येईल.